जॉर्ज म्युलर : आधीं आत्म्याची न्याहारी

शेतकऱ्यास हें चांगलें ठाऊक असतें कीं, बीं पेरण्याचें काम थोड्या दिवसांत उरकतें, परंतु निंदणी, राखण व पाणी हीं रोजचीं कामें आहेत. ख्रिस्ती जीवनाचेंही तसेंच आहे. बाप्तिस्मा घेऊन मंडळींत आलेले पुष्कळ बंधु व भगिनी पहिल्या वर्षीं मोठ्या उमेदीनें चालतात आणि मग हळूहळू कोमेजूं लागतात. कारण विचारिलें तर ते सांगतात कीं, प्रार्थनेस बसलें असतां मन भटकतें आणि शास्त्र वाचावयास सवड मिळत नाहीं. ही अडचण नवी नाहीं. ज्या पुरुषाच्या प्रार्थनेची कीर्ति देशोदेशीं झाली, त्यासही ती पुष्कळ वर्षें सोसावी लागली. तींतून तो कसा बाहेर पडला, हें प्रत्येक विश्वासणाऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे.

जॉर्ज म्युलर याचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजीं प्रशिया राज्यांतील क्रॉपेनस्टेट या गांवीं झाला. हा भाग आतां जर्मनी देशांत मोडतो. त्याचा बाप सरकारी कर वसूल करणारा अंमलदार होता. घरांत सरकारी पैसा असे, आणि दहा वर्षांचा होण्यापूर्वींच जॉर्ज त्यांतून चोरी करूं लागला. बापास संशय आला, तेव्हां त्यानें कांहीं नाणीं मोजून खोलींत ठेविलीं. जॉर्जनें त्यांतलीं थोडीं उचलून आपल्या जोड्यांत पायाखालीं लपविलीं आणि तो पकडला गेला. शिक्षा झाली, परंतु मन पालटलें नाहीं. तो चौदा वर्षांचा असतां त्याची आई मरण पावली. त्या रात्रीं तो पत्ते खेळत होता. पुढें थोड्याच दिवसांनीं त्याचें दृढीकरण झालें, तेव्हां पाळकास द्यावयासाठीं बापानें पाठविलेल्या रकमेचा बारावा हिस्सा तेवढा त्यानें दिला व बाकीची रक्कम स्वतः ठेवून घेतली. सोळाव्या वर्षीं खाणावळींचे पैसे बुडविल्यावरून तो तुरुंगांत पडला, आणि बापानें पैसे भरल्यावर जानेवारी १८२२ मध्यें सुटला. पाळकाचा धंदा पोटास बरा, एवढ्याच विचारानें तो हाले येथील विद्यापीठांत धर्मशास्त्राचा विद्यार्थी झाला. त्याजपाशीं सुमारें तीनशें पुस्तकें होतीं, पण त्यांत पवित्र शास्त्र नव्हतें.

नोव्हेंबर १८२५ मध्यें एका शनिवारीं संध्याकाळीं एक मित्र त्यास एका साध्या व्यापाऱ्याच्या घरीं प्रार्थनासभेस घेऊन गेला. तेथें थोडे लोक जमले होते. गीत झालें, शास्त्राचा अध्याय वाचला गेला, छापील उपदेश वाचून दाखविला गेला, आणि एका मनुष्यानें गुडघे टेकून प्रार्थना केली. गुडघे टेकून प्रार्थना करणारा मनुष्य जॉर्जनें त्यापूर्वीं कधींच पाहिला नव्हता. त्या घरांतील माणसांपेक्षां आपण अधिक शिकलों आहों, तथापि अशी प्रार्थना आपणांस करितां येणार नाहीं, हें त्यास उमगलें. त्या रात्रीं तो शांत मनानें निजला. तेथून त्याचें नवें जीवन सुरू झालें.

परंतु झाड एका रात्रींत फळ देत नाहीं. पहिलीं चार वर्षें तो धार्मिक पुस्तकें, मासिकें व उपदेश वाची, पण प्रत्यक्ष शास्त्र फारसें वाचीत नसे, आणि म्हणून तो ज्ञानांत व कृपेंत बालकच राहिला. १८२९ सालीं तो इंग्लंदास आला व तेथें फार आजारी पडला. हवापालटासाठीं तो टिनमथ येथें गेला असतां देवाचें वचन हेंच आपलें माप आहे आणि त्याचा अर्थ पवित्र आत्माच शिकवितो, ही गोष्ट त्याच्या मनांत ठसली. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळीं तो खोलीचें दार लावून शास्त्र उघडून प्रार्थनेस बसला. पूर्वीं कित्येक महिन्यांत जें मिळालें नव्हतें, तें त्या थोड्या तासांत त्यास मिळालें. पुढें त्यांनीं जन्मभर शास्त्र आरंभापासून शेवटपर्यंत पुनः पुनः वाचण्याचा नेम ठेविला. त्यांची शास्त्राची पारायणें शंभरांहून पुष्कळ अधिक झालीं.

१८३० सालीं म्युलरसाहेब टिनमथ येथील मंडळीचे पाळक झाले आणि त्याच वर्षीं मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. त्या काळीं उपासनामंदिरांत बसण्याच्या जागांचें भाडें घेत, व त्यांतून पाळकाचा पगार निघे. श्रीमंतास पुढची जागा व गरिबास मागची, हा भेद म्युलरसाहेबांस शास्त्राविरुद्ध वाटला. त्यांनीं भाडें बंद केलें आणि ठरलेला पगारही सोडिला. मंदिरांत एक पेटी ठेविली, आणि ज्यास जें वाटेल तें त्यानें तींत टाकावें असें सांगितलें. १८३२ सालीं हेन्री क्रेक या मित्रासह ते ब्रिस्टल शहरीं गेले व तेथेंच अखेरपर्यंत राहिले. १८३४ सालीं त्यांनीं शाळा चालविणें, शास्त्राच्या प्रती वाटणें व मिशनरींस साह्य करणें या हेतूनें एक संस्था स्थापिली.

अनाथाश्रमाचा विचार त्यांच्या मनांत कसा आला, हें आपल्या गांवच्या मंडळ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. मंडळींतील एक भाऊ दिवसास चौदा ते सोळा तास काम करी. त्याचें शरीर खंगलें होतें आणि आत्मा सुकला होता. काम थोडें कमी करून प्रभूपाशीं बसा, असें म्युलरसाहेबांनीं त्यास सुचविलें. तेव्हां, काम कमी केलें तर घरच्यांचें पोट भरणार नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. अशीं उत्तरें त्यांस वारंवार ऐकूं येत. लोकांचा देवावर विश्वास नाहीं असें नव्हे, परंतु देव रोजच्या भाकरीचीही काळजी घेतो असें त्यांस मनापासून वाटत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. कोणा मनुष्याजवळ न मागतां केवळ प्रार्थनेवर चाललेलें एखादें काम लोकांच्या डोळ्यांसमोर उभें राहिलें, तर दुर्बळांचा विश्वास वाढेल, असें त्यांस वाटलें. हाले येथें फ्रांके नांवाच्या देवभक्तानें पूर्वीं स्थापिलेला मोठा अनाथाश्रम त्यांनीं पाहिला होता. मुलांचें कल्याण हा हेतु होताच, पण विश्वासणाऱ्यांचा विश्वास दृढ व्हावा हा पहिला हेतु होता.

त्यांनीं घरासाठीं, पैशासाठीं व काम करणाऱ्यांसाठीं प्रार्थना केली आणि तें सर्व मिळालें. मुलांचे अर्ज घेण्यासाठीं फेब्रुवारी १८३६ मधील एक दिवस नेमिला. ते वाट पाहत बसले, परंतु एकही अर्ज आला नाहीं. घरीं जातांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण सर्व कांहीं मागितलें, पण मुलें मात्र मागितलीं नाहींत. अनाथ मुलें पुष्कळ आहेत, तीं येतीलच, असें त्यांनीं गृहीत धरिलें होतें. त्या रात्रीं त्यांनीं देवापुढें नम्र होऊन मुलांसाठीं प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीं पहिला अर्ज आला, आणि ११ एप्रिल १८३६ रोजीं विल्सन रस्त्यावरील भाड्याच्या घरांत पहिल्या मुली राहावयास आल्या.

त्यांचे नेम थोडे होते, पण ते त्यांनीं कडकपणें पाळिले. गरज देवास सांगावयाची, माणसास नाहीं. कर्ज काढावयाचें नाहीं. आलेला प्रत्येक पैसा वहींत लिहावयाचा. काय मागितलें, केव्हां मागितलें व उत्तर केव्हां मिळालें, हेंही टिपून ठेवावयाचें. १८४१ सालच्या अखेरीस आश्रमांत फार टंचाई होती. वार्षिक सभेची वेळ आली होती, आणि सभेंत हिशेब वाचिला असता तर लोकांस गरज कळून पैसा आला असता. म्युलरसाहेबांनीं ती सभा पुढें ढकलिली व कित्येक महिने अडचण सोशिली. ज्यास देवावर भरवसा आहे तो आडून सुचवून मागत नाहीं, हें त्यांनीं असें दाखविलें.

त्याच १८४१ सालीं त्यांस तो धडा मिळाला, ज्यासाठीं हें चरित्र आम्ही सांगत आहों. दहा वर्षें त्यांचा क्रम असा होता कीं, सकाळीं उठून कपडे केले कीं लागलेंच प्रार्थनेस बसावें. परंतु कधीं पाव तास, कधीं अर्धा तास मन इकडे तिकडे धांवे, आणि मग कोठें खरी प्रार्थना सुरू होई. शेवटीं त्यांस कळलें कीं, आपण उपाशी पोटीं नांगर धरीत आहों. सकाळचें पहिलें काम प्रभूची सेवा करणें हें नव्हे, तर आपला जीव प्रभूमध्यें संतुष्ट करणें हें आहे, आणि त्या जिवाचें अन्न देवाचें वचन आहे. तेव्हांपासून ते नवा करार उघडून थोडक्या शब्दांत आशीर्वाद मागत आणि एक एक वचन घेऊन मनन करीत. तें वचन दुसऱ्यांस शिकवावयासाठीं नव्हे, तर स्वतःच्या जिवास खाऊं घालण्यासाठीं ते वाचीत. थोड्याच वेळांत वाचनांतून पापाची कबुली, उपकारस्तुति किंवा दुसऱ्यांसाठीं विनंति आपोआप निघे. मन भटकलें तर ते पुढच्या वचनाकडे वळत. पुष्कळदां मोठ्या अक्षरांचा नवा करार हातीं घेऊन ते न्याहारीपूर्वीं बाहेर उघड्या हवेंत फिरत फिरत हें करीत. या एका पालटानें त्यांस पुढें अनेक संकटांत धीर दिला.

तो धीर किती खरा होता हें नोव्हेंबर १८५७ मध्यें दिसलें. तोंपर्यंत अ‍ॅशली डाउन नांवाच्या टेकाडावर आश्रमाचीं स्वतःचीं घरें उभीं राहिलीं होतीं. पहिल्या घरांत सुमारें ३०० मुलें होतीं, आणि त्यांस ऊब देणाऱ्या नळांस गरम पाणी पुरविणारा बंब गळूं लागला. दुरुस्तीसाठीं विस्तव विझविणें भाग होतें, आणि त्याच वेळीं उत्तरेचा बोंचरा वारा सुटला. म्युलरसाहेबांनीं दोन गोष्टी मागितल्या : वारा दक्षिणेचा व्हावा, आणि नहेम्याच्या दिवसांतल्या लोकांप्रमाणें कामकऱ्यांस काम करण्याचें मन व्हावें. ठरलेल्या दिवशीं दक्षिणेचा वारा वाहूं लागला व हवा इतकी मऊ झाली कीं, विस्तवाची गरजच उरली नाहीं. कामकऱ्यांनीं आपण होऊन रात्रभर काम करण्याचें पतकरिलें, आणि सुमारें ३० तासांत बंब पुनः पेटला. येथें हेंही पाहावें कीं, त्यांनीं प्रार्थना केली आणि कारागीरही बोलाविले. प्रार्थना ही आळसाची चादर नव्हे.

१८७० पर्यंत पांच मोठीं घरें झालीं व त्यांत २,०५० मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातींत सुमारें १०,००० अनाथ मुलांचा सांभाळ झाला. परंतु प्रत्येक प्रार्थनेचें उत्तर त्यांस लागलेंच मिळालें असें नाहीं. दोन माणसांच्या तारणासाठीं त्यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें रोज प्रार्थना केली, आणि म्हातारपणींही ते वाटच पाहत होते. तरी त्यांनीं त्यांचीं नांवें सोडिलीं नाहींत. त्यांचा एक लहान मुलगा १८३५ सालीं वारला, आणि १८७० सालीं त्यांची पत्नी वारली. तेव्हां त्यांनीं स्वतः तिच्या अंत्यविधीच्या उपासनेंत उपदेश करून देवाच्या चांगुलपणाची साक्ष दिली. सत्तरीच्या घरांत ते सुवार्तेसाठीं प्रवासास निघाले, व सुमारें सतरा वर्षें अनेक देश फिरले. हिंदुस्थानासही ते येऊन गेले. ९ मार्च १८९८ रोजीं संध्याकाळीं त्यांनीं प्रार्थनासभा चालविली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आपल्या खोलींत प्रभूकडे गेले. त्यांचें वय ९२ वर्षांचें होतें. ज्याच्या हातून लाखों पौंड खर्चिले गेले, त्याची स्वतःची मालमत्ता दोनशें पौंडांचीही भरली नाहीं. त्या टेकाडावरील घरांत आतां अनाथ मुलें राहत नाहींत, परंतु तेथें पेरलेलें बीं दूरवर उगवलें.

त्यांतलें एक रोप आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं म्युलरसाहेबांचें व चीन देशांतील हडसन टेलर यांचें चरित्र वाचिलें. या देशांतही केवळ देवावर भरवसा ठेवून कार्य कां चालूं नये, असा विचार त्यांच्या मनांत उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों निराधार मुलींस आसरा दिला, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तीचें कार्य वाढलें. ब्रिस्टल येथील एका मनुष्यानें पहाटे एकांतांत जें अन्न खाल्लें, त्याचा घांस असा आपल्या मुलींच्याही तोंडीं आला.

वाचकहो, आपणांस अनाथाश्रम काढावयाचा नसेल, पण सकाळ प्रत्येकास मिळते. बैल सोडण्यापूर्वीं किंवा चूल पेटविण्यापूर्वीं एक वचन वाचावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें आपल्या मुलाकडून तें वाचवून घ्यावें, आणि शेताकडे जातांना मनांत घोळवावें. मन भटकलें तर रागावूं नये, पुनः वचनाकडे वळावें. एखादी जुनी वही घेऊन तींत काय मागितलें तें लिहावें, आणि उत्तर आल्यावर त्यापुढें तारीख घालावी. पुढच्या दुष्काळांत तीच वही धीर देईल. जें मिळेल त्यांतून थोडें प्रभूसाठीं बाजूस काढावें, आणि सावकाराच्या दारीं जाण्यापूर्वीं प्रभूच्या दारीं जावें. उपदेशक बंधूंनीं तर हें विशेष जपावें. दुसऱ्यास वाढणारा स्वतः उपाशी राहिला, तर त्याचे हात लवकरच कांपूं लागतात. आणि ज्या आप्तांसाठीं प्रार्थना करून थकलों असें वाटतें, त्यांचीं नांवें उद्यां सकाळीं पुनः घ्यावीं. ज्या प्रभूनें एका चोर मुलास आपला विश्वासू कारभारी केलें, तो आपल्या गांवींही तोच आहे. तो आपणां सर्वांस रोज नवी भूक व रोज नवी भाकर देवो.