जमिनीवर पडलेला चिमटा : डॉ. हाफकिन आणि दवाखान्यातला जंतुसंसर्ग

ऑपरेशन चांगलं झालं, टाके कोरडे होते, मग पाचव्या दिवशी पू कुठून आला? हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा त्यात राग असतो, भीती असते आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. दवाखान्यात दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग आम्ही दवाखान्यातून लागलेला संसर्ग समजतो. तो कसा लागतो हे समजावताना मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा एका माणसाची गोष्ट जास्त उपयोगी पडते. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू, त्यामुळे रशियात चांगली नोकरी मिळण्याची वाट जवळजवळ बंद. ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात काम केलं. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमधून लस टोचत फिरू लागले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले. शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई दिले. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच टोचली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतल्यावर खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली. आपल्या खानदेशातही त्या काळात प्लेगच्या साथी आल्या. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून पणजी-आजीकडून आलेल्या आहेत, तो हा काळ.

आता मुख्य घटनेकडे येऊ. १९०२ साली पंजाबात प्लेग फार वाढला होता आणि परळहून लशीच्या बाटल्या तिकडे जात होत्या. ३० ऑक्टोबर १९०२ ला मुलकोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. सगळ्यांना ५३ एन या एकाच बाटलीतली लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

दोष हाफकिन यांच्यावर आला. मागणी पुरवण्यासाठी त्यांनी लस बनवण्याची रीत बदलली होती आणि तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत मान्य होती, पण चौकशी करणाऱ्यांना वाटलं की बाटली परळलाच दूषित झाली असावी. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. लाखो लोकांना लस देऊन झालेल्या माणसावर खुनाचा नसला तरी हलगर्जीपणाचा शिक्का बसला.

खरा धागा कागदपत्रांत होता. बाटली उघडताना मुलकोवालला मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरासा हलवला आणि त्याच चिमट्याने बाटलीचं बूच ओढलं. ज्योतीत धरून तापवला नाही. दुसरी गोष्ट वासाची. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते तर बूच काढताच घाण वास आला असता, आणि बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. म्हणजे घाण आत गेली ती तिथेच, त्या दिवशी.

इथे जरा थांबू, कारण तुमच्या रुग्णाचा संबंध नेमका इथे येतो. धनुर्वाताचा जंतू माती-शेणात कठीण कवचाच्या बीजाणूच्या रूपात पडून असतो आणि तो कार्बोलिकसारख्या औषधात तासन्तास टिकतो. नुसतं बुडवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. आज शस्त्रक्रियेची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर ठेवतात, ती याचसाठी. जुलाब घडवणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा याच कुळातला जंतू. त्याचे बीजाणू हातावर चोळायच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आयसीयूतला ॲसिनेटोबॅक्टर बीजाणू करत नाही, तरी पलंगाच्या दांड्यावर, सलाईनच्या स्टँडवर, मॉनिटरच्या बटणांवर तो कोरड्या स्थितीत कित्येक दिवस, कधी आठवडे जिवंत राहतो. त्यात तो बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद देत नाही. हाफकिन यांच्या वेळी अँटिबायोटिक नव्हतंच, त्यामुळे जंतू आत जाऊ न देणं एवढंच हाती होतं. असा जंतू लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत आम्ही आजही जवळजवळ तिथेच उभे असतो.

आपल्याकडे माणूस ॲडमिट झाला की रावेरहून, शिरपूरहून गाडी भरून मंडळी येतात. माया असते, ती मी कमी लेखत नाही. पण त्यातले चौघे पलंगावर बसतात, डबा रुग्णाच्या पायाशी उघडतो, मोबाइल या हातातून त्या हातात जातो आणि लहान मूल खाली पडलेलं खेळणं उचलून आजोबांच्या सुईच्या हाताशी ठेवतं. तो मुलकोवालचा चिमटाच. एका वेळी एकानेच आत जावं, पलंगावर बसू नये, जाताना आणि येताना हात धुवावेत. लघवीची नळी किंवा हातातली सुई अजून किती दिवस हवी आहे हे डॉक्टरांना रोज विचारावं, कारण नळी जितके दिवस राहील तितकी जंतूंना वाट मिळते. ड्रेसिंग करणाऱ्याने हात धुतले का, हेही विचारावं. त्यात कुणाचा अपमान नाही, मला विचारलं तर मी परत धुतो. आणि घरी गेल्यावर जखम लाल, गरम झाली, पू आला, ताप भरला तर दुकानातून गोळ्या आणून वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावं. शक्य तिथे पू तपासायला पाठवल्यावरच अँटिबायोटिक ठरवलेलं बरं, म्हणजे कोणतं लागू पडेल ते कळतं.

हाफकिन लंडनला गेले आणि स्वतःची बाजू मांडत राहिले. चौकशीचा अहवाल १९०६ मध्ये बाहेर आला, आणि तो वाचल्यावरच बाकीच्या शास्त्रज्ञांना चिमट्याची गोष्ट दिसली. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस आणि इतर काही जणांनी १९०७ मध्ये टाइम्स वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. त्या वर्षाअखेर त्यांच्यावरचा ठपका गेला. पण पाच वर्षं गेली होती. त्यांना परत हिंदुस्थानात घेतलं ते कलकत्त्याला, मुंबईची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हाती होती. लशीचे नवे प्रयोग माणसांवर करायची मोकळीकही पूर्वीसारखी राहिली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, ते हयात असताना. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे त्यांचं निधन झालं. पेनिसिलीनचा शोध त्याआधी दोन वर्षं लागला होता, पण ते औषध म्हणून रुग्णांपर्यंत यायला अजून दहा वर्षांहून जास्त काळ जायचा होता.