सोलापूरचे डॉ. कोटणीस

आपल्या जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांना चादरी, ज्वारी आणि पंढरीची वाट आठवते. मी मोडनिंबचा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सोलापूरचा रस्ता धरणे आमच्याकडे नित्याचेच. रोग्याने डॉक्टरकडे जायचे, हीच जगाची रीत. पण त्याच सोलापूरचा एक तरुण डॉक्टर, जिथे डॉक्टर नव्हते तिथे स्वतः होऊन गेला. त्यांचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालू होती. त्याच सुमारास जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली आणि काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या ह्या देशाने वर्गणी काढून दुसऱ्या देशासाठी वैद्यकीय पथक उभे केले! अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस, असे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले.

चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. त्या वेळी ते परतले असते तर कोणी बोट दाखवले नसते. पण ते पुढे गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. त्या वर्षाच्या अखेरीस अटल, बसू आणि कोटणीस उत्तरेकडे आघाडीच्या मुलखात निघाले. तेथे जखमींची सेवा करणारे कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९ मध्ये, शस्त्रक्रियेत बोटाला झालेली जखम चिघळून वारले होते.

हा सारा मुलूख डोंगराळ आणि गरीब. शत्रू केव्हा येईल याचा नेम नाही. जखमी शेतकऱ्यांच्या घरांत ठेवायचे आणि वेळ आली की सारे सामान उचलून दुसरे गाव गाठायचे, असे तेथले रुग्णालय. १९४० च्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी झोप न घेता तब्बल ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. १९४१ च्या आरंभी ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत नव्या डॉक्टरांना शिकवू लागले. मला ह्यातच त्यांचे खरे मोठेपण दिसते. बाहेरचा तज्ज्ञ आला आणि गेला, तर मागे आठवणच उरते. त्याने शिकवले तर मागे वैद्यक उरते.

१९४१ मध्येच परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा. पण अतिश्रमाने शरीर खचले होते. अपस्माराचे झटके येत होते. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक अर्धेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. यिनह्वा त्या वेळी चार महिन्यांचाही नव्हता.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले, तरी चीनने कोटणीसांना विसरले नाही. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. सोलापुरातही त्यांचे स्मारक झाले आहे.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या हाती शस्त्रक्रियेची सुरी येणार नाही. पण शिक्षक, ग्रामसेवक, कारकून म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणांची नेमणूक आडगावी होईल. बदलीचा अर्ज लिहिण्यापूर्वी त्या गावची बोली शिकावी आणि आपल्याला येते ते तिथल्या एखाद्याला शिकवावे. एवढे तर आपल्याला जमेल ना?