कै. कमलाबाई निंबकर
(अल्पचरित्र)

आपल्या केळझरहून नागपूर साधारण पन्नास किलोमीटर. मोठे दुखणे निघाले की आपण सारे तिथल्या मेडिकलला जातो. त्या मेडिकलमध्ये व्यवसायोपचाराचा एक विभाग आहे. इंग्रजी नावाने त्याला ऑक्युपेशनल थेरपी किंवा नुसते ओ. टी. म्हणतात. ज्या घरात उशिरा चालणारे, हात आखडलेले किंवा वयाच्या मानाने मागे राहिलेले मूल आहे, त्या आईला तो ठाऊक असतो. बाकीच्यांना सहसा नसतो. हे शिक्षण नागपुरात १९५८ साली सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या बाई जन्माने अमेरिकन होत्या, हे मात्र मूल मांडीवर घेऊन तिथे बसणाऱ्या आयांनाही माहीत नसेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी त्यांचे चरित्र निवडले.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातला. घराणे क्वेकर पंथाचे. हे लोक साधे राहतात, युद्धाला विरोध करतात आणि सेवेला धर्म मानतात. विष्णुपंत निंबकर हे अमेरिकेत शिकायला गेलेले महाराष्ट्रीय गृहस्थ. त्यांची व एलिझाबेथची तिकडेच ओळख झाली. १९३० साली ती हिंदुस्थानात आली, निंबकरांची सून झाली आणि कमला हे नाव तिने घेतले. देश त्या वेळी मिठाच्या सत्याग्रहाने पेटलेला होता. गोऱ्या कातडीची बाई लुगडे नेसून मराठी घरात नांदते, याचे लोकांना किती नवल वाटले असेल ! आपल्याकडे दुसऱ्या जिल्ह्यातली सून आली तरी चार दिवस तिच्या बोलण्यावरून हसतात.

मुंबईत खारला त्यांनी मुलांची शाळा चालवली. पुढे त्यांचे चिरंजीव शेतीशास्त्रात नावारूपाला आले व फलटणला स्थायिक झाले. सूनबाई जाई या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, म्हणजे इरावतीबाई आणि कमलाबाई विहिणी विहिणी.

संसार झाला, शाळा झाली. आता बसून खाण्याचे वय, असे आपण म्हणालो असतो. पण पंचेचाळिशी उलटल्यावर कमलाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लावता लावता हे शास्त्र तिकडे वाढले होते. आपल्या देशात ते शिकवणारे कोणी नव्हते. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाईंनी त्याची शाळा काढली. आशिया खंडातली ती पहिली समजली जाते. १९५२ साली या कामातल्या लोकांची अखिल भारतीय संघटना त्यांनी उभी केली. त्याच साली जागतिक संघटना निघाली, तेव्हा ती स्थापन करणाऱ्या दहा देशांत आपला देश होता. देश स्वतंत्र होऊन पुरती पाच वर्षे झाली होती !

त्या काळी पोलिओने घरोघर मुले लुळी होत. मुंबईतच फातिमाबाई इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला, तेव्हा त्या माउलीने उपचारासाठी पायपीट केली आणि १९४७ साली इतरांच्या मुलांसाठी दवाखाना काढला. असे दवाखाने निघाले, पण त्यांत काम करणारी शिकलेली माणसे आणायची कुठून ? ती कमलाबाईंच्या शाळेतून तयार होऊ लागली.

आता हा उपचार म्हणजे काय ते सांगते, कारण नावावरून धंदा शिकवतात असे वाटते. तसे नाही. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, अंगात कपडे घालणे. जे अवयव ऐकत नाहीत त्यांच्याकडून हीच कामे थोडी थोडी करवून घ्यायची, कामातूनच हात सुधारायचा आणि अडेल तिथे वस्तू बदलायची. चमचा धरता येत नसेल तर दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करायचा. ताट सरकते तर खाली ओले फडके घालायचे. मूल बसले की तोल जातो, तर पाय लोंबकळत न ठेवता त्यांखाली पाट द्यायचा. सदरा घालताना दुबळा हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. कणकेचा गोळा मळणे आणि शेंगा फोडणे हासुद्धा व्यायामच. वर्धा जिल्ह्याला यात नवल वाटू नये. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या परिषदेत महात्माजींनी हातांच्या कामातून शिक्षण द्यावे हेच सांगितले होते.

मला कमलाबाईंच्या कामातला मोठा गुण वाटतो तो हा, की हा उपचार घरी आणता येतो. औषधाची बाटली संपते, शस्त्रक्रिया डॉक्टरच करतो, पण हे काम आईला शिकता येते. आपल्याकडची मुले उपचार सोडतात ती आईची माया कमी म्हणून नाही. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी आठवड्यातून दोनदा कुणाला परवडते ? आणि इकडे मुलाचे वय थांबत नाही. पहिली पाच-सहा वर्षे फार मोलाची, त्यात जितके करून घ्यावे तितके थोडे.

१९५६ साली नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९५८ साली कमलाबाईंनी नागपूरच्या मेडिकलला व्यवसायोपचाराची शाळा व केंद्र सुरू केले. मुंबईपुरतेच ठेवून त्या थांबल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. पण मग आपल्या भागातल्या मुलांना गाडीत एक रात्र काढून परळला जावे लागले असते. दिव्यांगांच्या पुनर्वसनावर त्यांनी लिहिलेही पुष्कळ. १९७९ साली त्या वारल्या. १९८६ साली फलटणला निघालेल्या शाळेला कमला निंबकर बालभवन हे त्यांचे नाव दिलेले आहे.

पोलिओ आता देशातून गेला. शेवटचा रुग्ण २०११ सालच्या जानेवारीत बंगालमध्ये सापडला होता. पण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बुद्धीची वाढ मागे राहणे हे आहेच. २०१३ पासून सरकारी तपासणी पथके अंगणवाडीत व शाळेत येतात. त्या दिवशी असे मूल घरी दडवू नये, पुढे बसवावे. दिव्यांगाचे ओळखपत्र काढून घ्यावे. निरामय नावाचा आरोग्य विमा काही प्रकारच्या दिव्यांगांना एक लाख रुपयांपर्यंत मिळतो, त्यात अशा उपचारांचाही खर्च धरतात.

उपचाराला बसलेल्या आया बाकावर एकमेकींना जे सांगतात, तेही अर्धे औषधच असते. कोणती गाडी सोयीची, मूल रात्री का रडते, सासूला काय सांगितले. अशा आया हळदीकुंकवाला येत नाहीत, कारण मूल कुणाकडे ठेवणार ? यंदा मंडळाने त्यांना मुलासकट बोलावणे केले आहे. त्या दिवशी सतरंजीवर भिंतीकडची जागा मोकळी ठेवावी, टेकून बसवायला बरी पडते. जाड दांड्याचे सहा चमचे आणि दोन लहान पाट आम्ही मंडळाच्या कपाटात करून ठेवले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी ते घरी न्यावेत, परत आणायची घाई नाही.