भास्कराचार्य आणि घटिकापात्र

‘लग्नघटिका’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर ठेवले की ते २४ मिनिटांत बुडे. ती एक घटिका. अहोरात्रात अशा ६० घटिका होत.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ साली विज्जलवीड येथे झाला. हे गाव म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात. इतर काही ते चाळीसगावजवळील पाटण परिसरात शोधतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. त्यातील यंत्राध्यायात घटिकापात्राबरोबरच, सूर्याच्या उंचीवरून वेळ काढणारे स्वतःचे फलकयंत्रही त्यांनी वर्णिले आहे. मात्र सर्व यंत्रांत त्यांनी श्रेष्ठ ठरविली ती बुद्धी. ६९ व्या वर्षीही त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

कन्या लीलावतीच्या विवाहप्रसंगी पात्रात मोती पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, ही कथा आपण ऐकली असेल. ती प्रथम आढळते फैजीच्या १५८७ मधील फारसी अनुवादात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. कथेचा आस्वाद अवश्य घ्यावा; चरित्र अभ्यासताना मात्र तिला पुराव्याचे स्थान देऊ नये. बुद्धीला श्रेष्ठ मानणाऱ्या आचार्यांच्या चरित्राला हेच शोभते.