कर्नल ऑलकॉट : दीक्षेनंतरचे काम



वैशाखी पौर्णिमेला आपण विहारावर पंचरंगी धम्मध्वज उभारतो. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला. त्याला आजचा सुटसुटीत आकार मिळाला तो कर्नल हेन्री स्टील ऑलकॉट यांच्या सूचनेने. हे गृहस्थ जन्माने बौद्ध नव्हते. अमेरिकेतील ख्रिस्ती घरात ते जन्मले आणि तुमच्या-माझ्या घरांप्रमाणे त्यांनी धम्म समजून-उमजून स्वीकारला. म्हणून त्यांचे चरित्र आपण जाणून घेतले पाहिजे.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८३२ रोजी न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी झाला. तरुणपणी त्यांनी शेतीशास्त्रात नाव मिळविले. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. गुलामांना मुक्त करणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, त्यांच्यापैकीच हे एक. सैन्याला माल पुरविणाऱ्या ठेकेदारांची लबाडी शोधून काढण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपविले आणि त्यांनी ते चोख केले. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, त्याच्या तपासातही ते होते.

युद्धानंतर त्यांनी वकिली केली. १८७५ साली मॅडम ब्लाव्हाट्स्की यांच्यासह न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईस आले व गिरगावात राहिले. तेथून ते श्रीलंकेला गेले आणि २५ मे १८८० रोजी गॉल येथे त्यांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले.

आता पुढचे पाहा. त्या वेळी श्रीलंकेतील शिक्षण मिशनऱ्यांच्या हाती होते. बौद्ध आईबापांची मुले ख्रिस्ती शाळेत जात, ख्रिस्ती नावे धारण करीत. अनागारिक धम्मपालांचे मूळ नावही डॉन डेव्हिड असेच होते. बौद्धांच्या स्वतःच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विहार होते, भिक्खू होते. पण मुलाला धम्म शिकविणारी शाळा नव्हती. ऑलकॉटांनी बैलगाडीतून गावोगाव फिरून शाळांसाठी पैसा जमविला. १८८१ साली मुलांसाठी सोप्या प्रश्नोत्तरांचे धम्माचे पुस्तक लिहिले आणि ते विद्वान भिक्खू सुमंगल महाथेरांकडून तपासून घेतले. १८८४ साली बौद्धांची गाऱ्हाणी घेऊन ते लंडनला गेले. दुसऱ्याच वर्षी वैशाखी पौर्णिमेची सुट्टी मिळाली. पुढे जपान, ब्रह्मदेश असे देश फिरून, एकमेकांना अनोळखी झालेल्या बौद्धांना त्यांनी जवळ आणले.

आपल्याशी त्यांचे खरे नाते मद्रासचे. चार वर्णांच्या बाहेरचे म्हणून तेथील अस्पृश्यांना पंचम म्हणत. त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद होती. १८९४ साली ऑलकॉटांनी अड्यारला या मुलांसाठी मोफत शाळा काढली. नंतर आणखी चार निघाल्या. १८९८ साली अस्पृश्यांचे पुढारी पंडित अयोथी दास त्यांच्याकडे आले. त्यांना घेऊन ऑलकॉट श्रीलंकेला गेले. तेथे पंडितजींनी पंचशील घेतले आणि परत येऊन मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापला. नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

ऑलकॉटांचे सगळेच आपण घ्यावे असे नाही. थिऑसॉफीतील गूढविद्या त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या विवेकाच्या धम्मात तिला जागा नाही. पण माणूस दयाळू होता आणि कामाचा होता. १७ फेब्रुवारी १९०७ रोजी अड्यार येथे त्यांचे निधन झाले, तोवर श्रीलंकेत बौद्धांच्या शाळा दोनशेच्या आसपास गेल्या होत्या.

त्यांच्यापासून एवढे शिका : दीक्षा एका दिवसात होते, धम्म मात्र घरातल्या मुलापर्यंत पोहोचवावा लागतो. तुमच्या मुलाला पंचशील पाठ असेल. त्याचा अर्थ त्याला सांगता येतो काय? पाचवे शील बापाने मोडले, तर मुलगा काय शिकेल? दर रविवारी मुलांना जवळ बसवा. एक प्रश्न विचारा आणि उत्तर आधी स्वतः शोधून ठेवा. पाटी नसलेल्यांच्या हाती पाटी देणाऱ्या त्या वृद्ध कर्नलचे हेच खरे स्मरण होईल.