विश्लेषण : मुखवट्यामागचा गाय फॉक्स कोण होता? छळ करून इंग्लंडच्या राजाला नेमके काय मिळाले?

टोकदार दाढी, वर वळलेल्या मिशा आणि गालातल्या गालात हसणारा पांढरा चेहरा. ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ चित्रपटामुळे आणि ‘अनॉनिमस’ या हॅकर गटामुळे हा मुखवटा जगभर पोहोचला. जून २०१२ मध्ये इंटरनेट सेन्सॉरशिपविरोधातल्या निदर्शनांत तो मुंबईच्या आझाद मैदानातही दिसला होता. हा चेहरा ज्याच्यावरून घेतला, तो गाय फॉक्स १६०६ मध्ये लंडनमध्ये फासावर गेला.

त्याच्या दोन सह्याही समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. एक ठसठशीत, दुसरी इतकी पुसट आणि वेडीवाकडी की ते अक्षर आहे की ओरखडा हे कळू नये. ‘छळापूर्वी’ आणि ‘छळानंतर’ असा मथळा त्यांना दिलेला असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पुसट सही ९ नोव्हेंबर १६०५ च्या जबानीवरची. ठसठशीत सही त्यानंतरची, हातात पुन्हा थोडे बळ आल्यावर केलेली. मूळ कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. युरोपात शेकडो वर्षे चौकशीच्या नावाखाली छळ झाला, पण आरोपीच्या हाताचे काय झाले हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा कागद क्वचितच सापडतो.

यॉर्कचा मुलगा

गाय फॉक्सचा जन्म १५७० मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. वडील एडवर्ड तिथल्या चर्चच्या न्यायालयात वकिली करत. घर प्रोटेस्टंट. गाय आठ-नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि पुढे आईने एका कॅथलिक गृहस्थाशी लग्न केले. गाय शिकला त्या सेंट पीटर्स शाळेत जॉन आणि ख्रिस्तोफर राइट हे दोघे भाऊही होते. पुढे कटात हे तिघे पुन्हा एकत्र येणार होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे महागात पडे. सरकारी चर्चच्या प्रार्थनेला न जाणाऱ्याला १५८१ च्या कायद्याने महिना २० पौंड दंड होता. ही रक्कम श्रीमंतांनाही झेपणारी नव्हती. कॅथलिक धर्मगुरूला घरात आसरा दिला, तर थेट देहदंड.

यॉर्कमध्ये हे प्रत्यक्ष घडले. मार्गारेट क्लिथरो ही एका खाटकाची बायको. धर्मगुरूंना आसरा दिल्याचा आरोप तिच्यावर आला. खटला चालला, तर पोटच्या मुलांना आईविरुद्ध साक्ष द्यायला उभे करतील, म्हणून तिने गुन्हा कबूल किंवा नाकबूल यांपैकी काहीच म्हणायला नकार दिला. आरोपीने असे उत्तरच दिले नाही, तर खटला सुरू करता येत नसे. अशा आरोपीवर इंग्लंडच्या कायद्यात एक उपाय होता : जमिनीवर आडवे पाडायचे आणि अंगावर वजन चढवत राहायचे, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. २५ मार्च १५८६ रोजी तिच्या पाठीखाली टोकदार दगड आणि अंगावर दार ठेवून त्यावर वजने रचण्यात आली. पाव तासात ती गेली. गाय तेव्हा सोळा वर्षांचा होत होता.

विशीत त्याने वडिलार्जित मालमत्ता विकली आणि समुद्र ओलांडून तो स्पेनच्या सैन्यात दाखल झाला. नेदरलँड्समध्ये तेव्हा कॅथलिक स्पेन आणि प्रोटेस्टंट डच यांचे युद्ध चालू होते. १५९६ मध्ये स्पेनने फ्रान्सचे कॅले बंदर जिंकले, त्या मोहिमेत तो होता. सुरुंग आणि स्फोटके यांचे ज्ञान त्याला याच काळात मिळाले. ‘गाय’चे ‘ग्विदो’ही इथेच झाले. तो सही करी ती याच नावाने.

छत्तीस पिंपे दारू

१६०३ मध्ये राणी एलिझाबेथचे निधन झाले आणि स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. जेम्सची आई कॅथलिक होती, त्यामुळे छळ थांबेल अशी कॅथलिकांना आशा होती. वर्षभरातच जेम्सने कॅथलिक धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला.

मे १६०४ मध्ये लंडनच्या एका खानावळीत पाच जण भेटले. म्होरक्या रॉबर्ट केट्सबी. सोबत टॉमस विंटर, जॉन राइट, टॉमस पर्सी आणि पाचवा फॉक्स. मुखवट्यामुळे गैरसमज होतो, पण कट फॉक्सचा नव्हता. त्याला बोलावले गेले ते दोन कारणांसाठी : त्याला दारूगोळ्यातले कळत होते आणि अनेक वर्षे परदेशात राहिल्याने लंडनमध्ये त्याचा चेहरा कुणाच्या ओळखीचा नव्हता.

बेत असा होता की संसदेच्या उद्घाटनाला राजा, सरदार, धर्माधिकारी असे सगळे एकत्र जमले की खालून बार उडवायचा. सरदारांच्या सभागृहाच्या बरोबर खालचे तळघर मार्च १६०५ मध्ये भाड्याने मिळाले. संसदेखालची जागा कुणालाही भाड्याने मिळू शकत होती, यावर आज विश्वास बसणार नाही. तिथे दारूची ३६ पिंपे आणून त्यांवर सरपण आणि कोळसा रचण्यात आला. प्लेगमुळे अधिवेशन लांबत लांबत ५ नोव्हेंबरवर गेले. दरम्यान कटवाल्यांची संख्या तेरावर पोहोचली. २६ ऑक्टोबरला लॉर्ड माँटीगल या सरदाराला एक निनावी पत्र आले : उद्घाटनाला जाऊ नका. पत्र कुणी लिहिले, यावर अजूनही वाद आहे. माँटीगलने ते सरकारकडे दिले. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्री तळघराची झडती झाली आणि फॉक्स सापडला.

त्याने नाव सांगितले जॉन जॉन्सन, पर्सीचा नोकर. खिशात गाय फॉक्सच्या नावाने आलेले पत्र निघाले, तर ते आपलेच टोपणनाव असल्याची थाप त्याने मारली. पहाटे त्याला राजाच्या शयनगृहात उभे केले. तिथेही तो डगमगला नाही. स्कॉटलंडहून आलेल्यांना परत त्यांच्या डोंगरात उडवून लावायचे होते, असे त्याने तोंडावर सांगितले. त्याच्या धीटपणाचे जेम्सलाही कौतुक वाटले, अशी नोंद आहे. पण त्यामुळे पुढचे काही टळले नाही.

इंग्लंडच्या कायद्यात छळाला परवानगी होती का?

इथे युरोप आणि इंग्लंड यांतला फरक समजून घ्यावा लागतो.

फ्रान्स, इटली, जर्मन राज्ये इथल्या न्यायालयांत रोमन परंपरेचा कायदा होता. गंभीर गुन्ह्यात शिक्षा द्यायची, तर दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत किंवा आरोपीचा कबुलीजबाब हवा. परिस्थितीजन्य पुरावा कितीही भक्कम असला, तरी पुरेसा नाही. वरवर पाहता हा नियम आरोपीच्या बाजूचा वाटतो. पण दोन साक्षीदारांसमोर खून कोण करतो? मग उरतो कबुलीजबाब, आणि तो मिळवण्यासाठी छळ. तोही लेखी नियमांनी बांधलेला होता. १५३२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजदारी संहितेने तो कधी करता येईल हे ठरवून दिले. छळाखाली दिलेली कबुली आरोपीने नंतर छळाच्या खोलीबाहेर पुन्हा द्यावी लागे. ती फिरवली, तर त्याला परत आत नेता येई. पुराव्याची अट कडक, म्हणून छळ अटळ, असे हे गणित होते.

इंग्लंडमध्ये निकाल ज्युरी देई आणि तिला कोणत्याही पुराव्यावर दोषी ठरवता येई. कबुलीजबाबाची गरजच नव्हती. त्यामुळे तिथल्या सामान्य कायद्यात छळाला जागा नव्हती आणि इंग्लिश कायदेपंडित याचा अभिमान मिरवत. पळवाट होती ती राजाच्या विशेषाधिकाराची. राजा किंवा त्याचे सल्लागार मंडळ लेखी हुकूम काढून छळाची परवानगी देऊ शकत होते. १५४० ते १६४० या शंभर वर्षांतल्या अशा ८१ प्रकरणांची नोंद कायद्याच्या इतिहासकारांनी शोधून काढली आहे.

फॉक्सबद्दलचा हुकूम जेम्सने ६ नोव्हेंबरला काढला. सोबत विचारायच्या प्रश्नांची यादीही दिली. सुरुवात सौम्य प्रकारांनी करावी आणि मग पायरी पायरीने कठोर प्रकारांकडे जावे, असा त्याचा आशय होता. सौम्य म्हणजे काय, तर बहुधा मनगटांत लोखंडी कड्या अडकवून अधांतरी लटकावणे. कठोर म्हणजे रॅक. लाकडी चौकटीच्या दोन टोकांना फिरते रूळ, त्यांना दोरांनी बांधलेले हात आणि पाय. रूळ फिरवला की शरीर दोन्हीकडून ताणले जाते आणि सांधे निखळू लागतात. टॉवर ऑफ लंडनचा प्रमुख अधिकारी सर विल्यम वेड याच्या देखरेखीखाली चौकशी झाली. फॉक्सवर नेमके कोणते साधन वापरले हे कागदांत लिहिलेले नाही. ते सांगते ती सही.

मग हाती काय लागले?

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते.

७ नोव्हेंबरला फॉक्सने खरे नाव सांगितले आणि कटात पाच जण असल्याचे कबूल केले. नावे घ्यायला त्याने सुरुवात केली ८ नोव्हेंबरला. पण सरन्यायाधीश सर जॉन पॉपहॅम यांनी ६ नोव्हेंबरलाच अँब्रोज रूकवूड या कटवाल्याच्या नोकरांची चौकशी केली होती. त्या संध्याकाळपर्यंत केट्सबी, रूकवूड, कीज, विंटर, दोन्ही राइट भाऊ आणि ग्रँट ही नावे त्यांच्या हाती आली होती. पर्सीने तळघर स्वतःच्या नावावर घेतले होते, त्यामुळे त्याचा शोध पहिल्याच दिवशी सुरू झाला होता.

पळालेले साथीदार तोवर मध्य इंग्लंडमधल्या होलबीच हाउस या वाड्यात पोहोचले होते. पावसात भिजलेली दारू त्यांनी शेकोटीसमोर वाळत घातली आणि तिचा भडका उडून काही जण होरपळले. स्फोटके जाणणारा एकमेव माणूस टॉवरमध्ये होता, हे इथे जाणवते. ८ नोव्हेंबरच्या सकाळी वूस्टरशरच्या शेरीफने दोनशे माणसांनिशी वाड्याला वेढा घातला. केट्सबी, पर्सी आणि दोन्ही राइट भाऊ गोळीबारात पडले. म्हणजे फॉक्स टॉवरमध्ये ज्यांची नावे सांगत होता, त्यांतले महत्त्वाचे लोक त्याच दिवशी मारले गेले होते.

फ्रान्सिस ट्रेशमचे नाव मात्र फॉक्सच्या ९ नोव्हेंबरच्या जबानीतून आले. तो पळाला नव्हता, लंडनमध्येच होता. तीन दिवसांनी त्याला पकडले आणि डिसेंबरमध्ये टॉवरमध्येच आजारपणात तो मेला.

त्याच जबानीत आणखी एक गोष्ट होती आणि ती सरकारला नको होती. कटवाल्यांनी शपथ घेतल्यावर जॉन जेरार्ड या जेझुइट धर्मगुरूने त्यांना प्रसाद दिला होता. मात्र जेरार्डला कटाची कल्पना नव्हती, असे फॉक्सने सांगितले. सरकारला कटाची मुळे जेझुइटांपर्यंत न्यायची होती. जबानीच्या कागदावर बरोबर या वाक्यापाशी खूण आहे आणि वाचन इथपर्यंतच, अशा अर्थाचा लॅटिन शेरा आहे. तो शेरा ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक यांचा मानला जातो. न्यायालयात जेरार्डने दिलेला प्रसाद वाचला गेला, त्याचे अज्ञान वाचले गेले नाही. ज्या शरीराकडून इतके ताणून सत्य काढले, त्यातले अर्धेच पुढे गेले. जेरार्ड स्वतः १५९७ मध्ये टॉवरमध्ये मनगटांवर लटकावला गेला होता आणि त्याच वर्षी दोराच्या साहाय्याने तिथून निसटला होता. या वेळीही तो देशाबाहेर पडण्यात यशस्वी झाला.

निकोलस ओवेनचे नशीब तसे नव्हते. धर्मगुरूंना लपवण्यासाठी भिंतींत आणि जिन्यांखाली गुप्त खोल्या बांधणारा हा सुतार. मार्च १६०६ मध्ये टॉवरमध्ये छळातच त्याचा मृत्यू झाला. सरकारने आत्महत्या म्हणून जाहीर केले.

शेवट

फॉक्ससह आठ जणांवरचा खटला २७ जानेवारी १६०६ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये एकाच दिवसात संपला. ३१ जानेवारीला संसदेसमोरच्या पटांगणात फॉक्सचा क्रम शेवटचा होता. राजद्रोहाची शिक्षा अशी, की फासावरून जिवंत उतरवायचे, पोट फाडायचे आणि मग शरीराचे चार तुकडे करायचे. छळाने इतका खचला होता की त्याला शिडीवर चढायलाही मदत लागली. पण वर पोहोचल्यावर त्याची मान मोडली आणि पुढचे सगळे त्याच्या प्रेतावर झाले. त्याने मुद्दाम उडी घेतली की फास चुकीचा बसला होता, याचे उत्तर मिळालेले नाही.

हा खटला चालवणारे कोक पुढे इंग्लंडचे सर्वांत मोठे कायदेपंडित मानले गेले. इंग्लंडच्या कोणत्याही कायद्यात छळाला आधार नाही, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. तो भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४४ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या हुकुमांमध्ये स्वतः त्यांचेही नाव आढळते. इंग्लंडमधला असा शेवटचा ज्ञात हुकूम १६४० चा. मार्गारेट क्लिथरोचा जीव घेणारी, अंगावर वजने रचण्याची पद्धत मात्र १७७२ पर्यंत कायद्यात होती.

राजा वाचल्याबद्दल दर ५ नोव्हेंबरला आभाराची प्रार्थना करण्याचा कायदा संसदेने १६०६ मध्येच केला. तो १८५९ मध्ये रद्द झाला, पण शेकोट्या आणि फटाके आजही चालू आहेत. अनेक ठिकाणी ‘गाय’चा पुतळा जाळला जातो. यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत तो जाळत नाहीत. तो त्यांचा माजी विद्यार्थी आहे.