दौलतखान : किनारा ओळखणारा आरमारप्रमुख

शिवाजी महाराजांच्या मुस्लिम सरदारांची यादी निघाली की दौलतखानांचं नाव येतं आणि यादीपुरतंच राहतं. त्यांनी काय केलं, हेही आपल्या मुलांना कळावं असं आम्हाला वाटतं.

मालवणच्या धक्क्यावर उभं राहून बघा. मागे सह्याद्री, समोर उघडा दर्या. घाटातून येणारी फौज खिंडीत अडवता येते. समुद्राला खिंड नसते. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज आणि जंजिऱ्यात सिद्दी होते. ज्याच्याकडे जहाजं, तो हव्या त्या खाडीत शिरायचा. म्हणून महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. भोवताली पाण्याखाली खडकच खडक. वाट माहीत नसलेल्या जहाजाची धडगत नाही. पण एकट्या किल्ल्यानं किनारा राखला जात नाही. त्याला आरमार लागतं, आणि दौलतखान त्या आरमाराचे एक प्रमुख होते.

१६७४ मध्ये सातवलीच्या खाडीत सिद्दी संबळनं त्यांच्यावर हल्ला केला. दोघेही सेनापती जखमी झाले. दोघेही मुसलमान, हे मुद्दाम सांगतो. भांडण पाण्यावरच्या सत्तेचं होतं.

त्यांचं खरं कसब दिसलं ते १६७९ मध्ये, खांदेरीला. मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर मायनाक भंडारी तटबंदी उभारत होते आणि इंग्रजांनी बेटाला वेढा घातला होता. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागची हलत नसत. आपली गलबतं हलकी, वल्ह्यांवर चालणारी, उथळ पाण्यातूनही सटकणारी. रात्री ती बेटावर रसद पोचवत. १८ ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखान नागावच्या किनाऱ्यावरून सगळा ताफा घेऊन तुटून पडले. इंग्रजांचं 'डव्ह' गुराब हाती लागलं, बाकीची बरीचशी जहाजं पळाली. 'रिव्हेंज' मात्र नेटानं लढलं आणि वेढा पुढेही चालू राहिला. जानेवारी १६८० मध्ये शेवटी इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

त्याच महिन्यात सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट बळकावलं. आता बेटाचा आडोसा शत्रूला मिळाला होता. दौलतखानांनी उंदेरीवर हल्ला चढवला, पण गलबतं आणि माणसं गमावून परतावं लागलं. त्यांच्या पायालाही जबर जखम झाली. खांदेरी मराठ्यांकडे राहिली, उंदेरी सिद्दीकडे. मध्ये जेमतेम एक चिंचोळी खाडी.